लेकराला माणूस हवे

तान्हे मूल रडते. आई “काय झालं रे बाळा?” म्हणत धावते. उचलते, बोलते. ज्या लेकराला हे मिळत नाही, त्याचे काय होते?

युरोपात रुमानिया नावाचा देश आहे. १९८९ साली तिथली जुलमी राजवट कोसळली. सरकारी अनाथाश्रमांत लाखावर मुले आहेत, हे तेव्हा जगाला कळले. पाळण्यात दूध मिळे. पण एका बाईकडे दहा-बारा पोरे! ती कुणाकुणाला घेणार? रडून कोणी येत नाही, हे कळल्यावर लेकरे रडायचीच थांबत.

मेंदू पहिल्या दोन-तीन वर्षांत भराभर वाढतो. जवळच्या माणसाच्या बोलण्याने, स्पर्शाने त्यातले धागे जुळतात. माणूस नसेल तर ते नीट जुळत नाहीत.

२००० साली शास्त्रज्ञांनी बुखारेस्ट शहरात अशी १३६ मुले निवडली. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुले चांगल्या घरी सांभाळायला दिली. (यावर पुढे वाद झाला. तो व्हायलाच हवा होता.) आश्रमात राहिलेल्यांच्या मेंदूचे काम मंद दिसले. दोन वर्षांच्या आत घर मिळालेली पोरे जास्त सावरली.

काही मुले इंग्लंडात दत्तक गेली होती. ती पंचविशीच्या आसपास आल्यावर त्यांचा मेंदू तपासला. इतरांपेक्षा तो सुमारे ८.६ टक्के लहान निघाला. चांगले घर मिळूनही! लहानपणी कुणाही परक्याबरोबर चालू लागणारी ही पोरे. मोठेपणीही कित्येकांना माणसांत मिसळणे जड जाई. पण सहा महिन्यांची होण्याआधी आश्रमातून सुटलेली मुले बहुतेक इतर मुलांसारखीच वाढली.