उस्मानाबादी शेळी व मूलपेशी

आपल्या धाराशिव जिल्ह्याची काळी उस्मानाबादी शेळी बहुधा जुळीं देते, हें शेळ्या बाळगणाऱ्या घरांस सांगावयास नको. पण भलत्या बोकडांशीं संकर होत गेल्यास हा वाण विरून जाईल. जातिवंत बोकड राखणें हा पहिला उपाय खराच. दुसरा प्रयोगशाळेंतला आहे.

आठवड्याभराचा गर्भ पोकळ चेंडूसारखा असतो. त्याच्या आंतील पुंजक्यांतल्या पेशींस हाड, रक्त, कातडें, कांहींही होण्याचें सामर्थ्य असतें. याच मूलपेशी. त्यांस उबदार पात्रांत पोषक द्रवावर वाढवितात. परंतु त्या मोठ्या लहरी! द्रवांत किंचित् न्यून राहिलें कीं त्या एखाद्याच अवयवाच्या वाटेस लागतात आणि तें सामर्थ्य जातें. म्हणूनच उंदराच्या मूलपेशी १९८१ मध्यें साधल्या, तरी गाईच्या टिकाऊ मूलपेशींस २०१८ व डुकराच्यांस २०१९ साल उजाडलें. मध्यंतरीं, २००६ मध्यें, जपानांत यामानाका यांनीं चार जनुकांच्या योगें उंदराच्या साध्या पेशींसच हें सामर्थ्य आणून दिलें.

कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध अनुसंधान संस्थेंत म्हशीच्या मूलपेशीचें केंद्रक रिकाम्या केलेल्या अंड्यांत घालून २०१० मध्यें गरिमा-२ ही पारडी जन्मास आणिली. २०१३ मध्यें तिला रीतसर महिमा नांवाची पारडी झाली.