फॉर्म कोरा राहिला तर?



सर्वेक्षणाचा फॉर्म आला की होस्टेलवर दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. ‘भरून काय उपयोग?’ आणि ‘मी एकट्याने नाही भरला तर काय बिघडतं?’ आधी दुसऱ्या वाक्याचा हिशोब करून पाहू.

समजा, होस्टेलवर 300 विद्यार्थी आहेत आणि प्रश्न आहे, ‘पिण्याच्या पाण्याबाबत तुम्ही समाधानी आहात का?’ फक्त 30 जणांनी फॉर्म भरला, त्यातले 24 ‘हो’ म्हणाले. अहवालात छापून येईल, 80 टक्के समाधानी! पण गप्प बसलेल्या 270 जणांचे काय? ते सगळे नाराज असतील तर खरा आकडा 8 टक्के, सगळे खूश असतील तर 98 टक्के. म्हणजे या अहवालावरून काहीच कळत नाही.

आता 240 जणांनी फॉर्म भरला आणि 192 ‘हो’ म्हणाले असे धरू. टक्केवारी पुन्हा 80. पण गप्प फक्त 60 जण, त्यामुळे खरा आकडा 64 ते 84 यांच्या मध्येच असणार. आकडा तोच, पण आता त्यावर निर्णय घेता येतो.

आपल्या आष्टी तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरी हे वेगळे सांगायला नको. पीक विम्यासाठी पीक कापणी प्रयोग होतात, तेव्हा निवडक प्लॉटमधले पीक कापून, वजन करून सगळ्या मंडळाचे सरासरी उत्पन्न काढतात. प्लॉट कोणते घ्यायचे हे कोणाच्या मर्जीवर सोडत नाहीत. विहिरीकाठचीच शेते मोजली तर कोरडवाहूवाल्याच्या वाट्याला काय येणार? सर्वेक्षणात मात्र ‘प्लॉट’ स्वतःच ठरवतो, मोजून घ्यायचे की नाही. बहुतेक वेळा फार चिडलेले किंवा फार खूश असलेलेच भरतात. मधले सगळे मेसच्या रांगेत बोलतात आणि फॉर्म कोरा ठेवतात.

आता पहिले वाक्य, ‘भरून काय उपयोग?’ नॅकने 2017 साली आणलेल्या मूल्यांकन पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाला संलग्न महाविद्यालयांसाठी 1000 पैकी 50 गुण ठेवले होते. प्रश्नावली विद्यार्थ्यांच्या ई-मेलवर थेट येत असे. वीस प्रश्न पर्यायांचे, आणि एकविसाव्यात अध्यापन सुधारण्यासाठी तीन सूचना लिहायच्या. पहिलाच प्रश्न होता, वर्गात अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला? महाविद्यालयातून किमान 10 टक्के किंवा 100 विद्यार्थी, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उत्तरे लागत. तेवढीही आली नाहीत तर तो मुद्दा मूल्यांकनातच धरला जात नसे. शेकडो विद्यार्थ्यांचे मत मूठभरांच्या हातात जायचे ते असे!

दुसऱ्या प्रकारची सर्वेक्षणे तर आपल्यालाच प्रश्न विचारतात. अमेरिकेत 2000 सालापासून इंडियाना विद्यापीठातून चालणारे एक राष्ट्रीय सर्वेक्षण विद्यार्थ्यांच्या सहभागाचे आहे. आठवड्यात अभ्यासाला किती तास दिले, वर्गाबाहेर शिक्षकांशी किती वेळा चर्चा केली, असे त्यातले प्रश्न. तिथे ‘सर शिकवत नाहीत’ एवढे म्हणून सुटका नाही!

भरताना काय पाळावे?

1. रूम पार्टनरचे बघून भरू नका. परीक्षेत कॉपी चालत नाही, इथेही नाही.
2. एका सरांवरचा राग सगळ्या प्रश्नांवर काढू नका. भीतीपोटी सगळीकडे ‘उत्तम’ही टाकू नका. दोन्ही फॉर्म सारखेच निरुपयोगी.
3. सूचना नेमकी लिहा. ‘लॅब सुधारा’ यापेक्षा ‘एका सेटअपवर आठ जण असतात, बॅच लहान करा’ हे वाचणाऱ्याच्या कामाचे.
4. फॉर्मवर नाव मागितले असेल तर ते कोण पाहणार, हे आधी विचारा. विचारण्यात गैर काही नाही.

सर-मॅडमनाही एक विनंती. फॉर्म भरताना वर्गात उभे राहू नका, आणि निकाल फाईलमध्ये बांधून ठेवू नका. कोणती सूचना मान्य झाली, कोणती नाही आणि का, हे नोटीस बोर्डावर लावा. एका सूचनेवर जरी काम झालेले दिसले, तरी पुढच्या वर्षी ‘भरून काय उपयोग?’ असे विचारणारे कमी होतील.

आणि मित्रांनो, फॉर्म भरायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. पाण्याच्या टाकीवरून आपण रोज रात्री त्यापेक्षा जास्त वेळ बोलतो. तेच एकदा लिहून द्या.