मारका कोंबडा: त्याचा स्वभाव व बंदोबस्त

खेडेगावी ज्याच्या परसात चारदोन कोंबड्या नाहीत असे घर विरळा. अंड्यांच्या पैशांत मीठमिरची भागते, पाहुण्याचा सत्कार होतो, आणि अडीअडचणीला एखादा कोंबडा विकून औषधपाण्याची सोय करता येते. परंतु याच कळपातील कोंबडा कधी कधी असा मारका निघतो की, अंडी काढावयास गेलेली म्हातारी पायांतून रक्त गाळीत परत येते, लहान मुले परसात उतरावयास भितात, आणि शेजाऱ्यांशी तंटे उपस्थित होतात. अशा वेळी घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, आजच त्याची मान मुरगळा. दुसरा म्हणतो, कोंबड्याची जातच ती, चालावयाचेच. आमच्या मते पहिला उतावळा आहे व दुसरा बेफिकीर आहे. कोंबडा का मारतो हे समजून घ्यावे, त्याला सुधारण्यास ठराविक मुदत द्यावी, आणि मुदत संपल्यावर माया न धरता निर्णय करावा, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

१. कोंबडा का मारतो?

कोंबड्याचे काम राखणदाराचे आहे. कोंबड्या खाली मान घालून उकिरडा उकरीत असतात, तेव्हा तो मान वर करून टेहळणी करितो. आकाशात घार दिसली तर तो एक प्रकारचा आवाज काढितो, आणि जमिनीवरून कुत्रे किंवा मुंगूस आले तर दुसऱ्या प्रकारचा. व त्या आवाजांवरून कोंबड्या लपावे की पळावे हे ओळखतात. ही गोष्ट शास्त्रज्ञांनी प्रयोगाने पडताळून पाहिली आहे. म्हणून ज्या रागाने तो आपल्या मुलावर धावतो, त्याच रागाने तो मुंगसावरही धावतो, हे विसरू नये. त्याची चूक एवढीच की, तो घरच्या माणसाला शत्रू किंवा प्रतिस्पर्धी समजतो.

प्रतिस्पर्धी का समजतो? कळपात प्रत्येक पक्ष्याची पायरी ठरलेली असते. वरचा खालच्याला टोचतो आणि खालचा वरच्याला वाट देतो. नॉर्वे देशातील थॉर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे या गृहस्थाने लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करून हा क्रम १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात प्रथम नीट मांडला. कोंबडा पाचसहा महिन्यांचा होऊन आरवू लागला म्हणजे त्याच्या रक्तात नराचे गुण वाढतात, आणि तो आपली पायरी अजमावू लागतो. त्यातच कोंबड्या थोड्या व कोंबडे फार असले, खुराडे अपुरे असले, किंवा मुलांनी त्याला खडे मारून चिडविले असले, तर हा स्वभाव अधिकच भडकतो. पिलू असताना घरात एकटेच, हातावर खेळवून वाढविलेला कोंबडाही पुष्कळदा मारका निघतो. कारण माणसाचा धाक त्यास राहिलेला नसतो.

२. पूर्वचिन्हे

कोंबडा बहुधा सूचना देऊन मारतो. तो मानेची पिसे फुलवितो, डोके खाली घालून टक लावितो, एक पंख जमिनीकडे झुकवून आडवा चालतो, अथवा उगीच माती टोचल्यासारखे करितो. पंख झुकविण्याची हीच चाल कोंबडीपुढे केली तर ती प्रीतीची असते. माणसापुढे केली तर ते आव्हान समजावे. पाठ फिरवून निघालेल्या माणसावर तो विशेषेकरून झडप घालतो. तसेच कोंबडी पकडताना ती ओरडली म्हणजे तो हटकून धावून येतो. यासाठी कोंबडी धरावयाची ती दिवसा न धरता अंधार पडल्यावर खुराड्यातून धरावी.

३. सुधारणेचा उपाय

पहिला नियम असा की, पळू नये. पळालात की तो जिंकला, आणि उद्या तो दुप्पट जोराने येईल. दुसरा नियम, मारू नये. काठी किंवा लाथ मारली म्हणजे त्याला वाटते की आपणही लढावयास उतरलो. मग एकतर तो अधिक चवताळतो, नाहीतर जायबंदी होतो. त्याच्याकडे तोंड करून स्थिर उभे राहावे, हातात सूप किंवा पाटी ढालीसारखी पुढे धरावी, आणि तो मागे सरल्यावर सावकाश आपल्या कामास लागावे. परसात जाताना पायांत जोडे असावेत. दाणे परसाच्या एका टोकाला टाकून, कळप तेथे गुंतला असता दुसऱ्या टोकाची अंडी काढावी.

तिसरा उपाय संध्याकाळचा आहे. कोंबड्याला अंधुक प्रकाशात नीट दिसत नाही, म्हणून त्या वेळी तो शांत असतो. त्यास खुराड्यातून अलगद उचलून, पंख व पाय आवळून बगलेत धरावे, त्याचे तोंड आपल्या तोंडापासून दूर ठेवावे, आणि त्याचे अंग सैल पडेपर्यंत धरून मग खाली सोडावे. पायांना धरून उलटे टांगू नये. तसे केल्याने भय वाढते, वळण लागत नाही. हा क्रम दोन ते तीन आठवडे रोज चालवावा, आणि घरातील सर्व मोठ्या माणसांनी एकच रीत पाळावी. बापाने धीर धरावा व थोरल्या मुलाने दगड मारावा, असे झाले तर कोंबडा काहीच शिकणार नाही. या मुदतीत लहान मुलांस परसात एकटे जाऊ देऊ नये. कोंबड्याची उडी त्यांच्या डोळ्यांच्या उंचीची असते.

पायाच्या मागील काट्याविषयी एक सूचना. काट्याच्या आत हाड असून त्यात रक्त असते. म्हणून तो मुळापासून छाटणे क्रूरपणाचे आहे. रात्री दिव्याच्या उजेडात कानशीने फक्त टोक बोथट करावे.

४. जखम झाल्यास

काट्याची जखम तोंडाशी लहान पण आत खोल असते, आणि त्याला उकिरड्याची माती लागलेली असते. म्हणून धनुर्वाताचे भय असते. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पुष्कळ वेळ धुवावी. चुना, तंबाखू किंवा माती भरू नये. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताची लस घ्यावी लागेल काय हे विचारावे. डोळ्याला इजा झाली तर एक तासही दवडू नये. ज्यांच्या पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत अशा वृद्धांनी मारक्या कोंबड्यापासून दूरच राहावे. ऑस्ट्रेलियात अंडी काढावयास गेलेल्या एका वृद्ध स्त्रीच्या अशाच शिरेला कोंबड्याने टोचले, आणि रक्तस्रावाने ती मरण पावली. ही हकिकत २०१९ साली वैद्यकीय मासिकात आली आहे. अशी शीर फुटल्यास निजवून, पाय उंच करून, स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरावे व मदत बोलवावी.

५. सुधारला नाही तर?

तीन आठवड्यांनीही तो अंगावर येत असेल, तर त्यास कळपातून काढणे हे घरधन्याचे कर्तव्य आहे. पुष्कळांस वाटते की, कोंबडा गेला तर अंडी बंद होतील. हे खरे नव्हे. कोंबडी कोंबड्यावाचूनही अंडी घालते. मात्र त्यांतून पिले निघत नाहीत. पिलांसाठी कोंबडा हवाच असेल, तर आठ ते दहा कोंबड्यांस एक शांत कोंबडा पुरतो. जुना कोंबडा काढल्यावर साधारण दोन आठवडे त्याचेच बीज कोंबड्यांच्या पोटात टिकते. म्हणून नवा आणल्यावर तीन आठवडे लोटल्यावाचून खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवू नयेत. स्वभाव पुष्कळ अंशी रक्तातून उतरतो, तेव्हा मारक्याची पिले वाढविणे म्हणजे पुढल्या वर्षाची पीडा आजच पेरणे होय.

काढलेल्या कोंबड्याचे काय करावे? एक, घरी शिजवावा. मांस चिवट असते, म्हणून मंद आचेवर फार वेळ ठेवावा. दोन, विकावयाचा तर घेणाऱ्यास त्याचा स्वभाव स्पष्ट सांगून विकावा. मारका कोंबडा मुकाट्याने शेजाऱ्याच्या गळ्यात बांधणे ही लबाडी आहे. तीन, झुंजीसाठी तर कदापि देऊ नये, किंमत कितीही येवो. कोंबड्यांची झुंज लावणे १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. तेलंगणात जगत्याल जिल्ह्यात फेब्रुवारी २०२१ मध्ये झुंजीसाठी पायाला सुरी बांधलेल्या कोंबड्याने आपल्याच धन्याला जखमी केले आणि तो मनुष्य दगावला, हे सर्वांनी ध्यानात ठेवावे.

निर्गमच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाविषयी जो नियम आहे, त्याचे तत्त्व येथेही लागू पडते. जनावराने अकस्मात मारले तर धनी निर्दोष. परंतु ते मारके आहे असे सांगितले असताही त्याने बंदोबस्त केला नाही, तर दोष धन्यावर येतो. कोंबड्याला बरेवाईट कळत नाही, आपणांस कळते. तेव्हा पहिल्या झडपेचा दोष कोंबड्याचा, आणि दुसरीचा आपला.

विचारण्याचे प्रश्न

१. कोंबड्याचा राग कळपाच्या उपयोगी कसा पडतो?
२. अंगावर आलेल्या कोंबड्यापुढे पळू का नये, आणि मारू का नये?
३. काट्याची जखम लहान दिसली तरी भयंकर का?
४. नवा कोंबडा आणल्यावर तीन आठवडे का थांबावे?
५. आपल्या परसातील कोंबड्याने शेजाऱ्याच्या मुलास पूर्वी एकदा टोचले आहे. तर आज आपले कर्तव्य काय?