घटक ४ : वसाहतकाळ, सामान्य माणूस आणि ऐतिहासिक कादंबरी

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• राजपुरुषाची ऐतिहासिक कादंबरी आणि परसत्तेखालील लोकजीवनाची ऐतिहासिक कादंबरी यांतील भेद सांगता येईल.
• १८७५ च्या दख्खनमधील शेतकरी उठावाच्या आधारे इतिहास व कल्पना यांचे नाते स्पष्ट करता येईल.
• ऐतिहासिक कादंबरीच्या भाषेतील कालविपर्यास ओळखता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या उगमाचा विचार केला. रा. भि. गुंजीकर यांची ‘मोचनगड’ १८७१ मध्ये अवतरली. तिचा काळ शिवकाल. पुढे हरिभाऊ आपटे यांनी ‘उषःकाल’मध्ये तोच काळ रंगविला. लेखक आणि वाचक दोघेही इंग्रजी अमलाखाली जगत होते, पण कादंबरी पाहत होती ती स्वराज्याकडे. पराधीन समाजाला गतवैभवाची आठवण बळ देते, म्हणून हे स्वाभाविकच होते. मात्र त्यामुळे परसत्तेखालचे रोजचे जगणे ऐतिहासिक कादंबरीच्या कक्षेत फारसे आले नाही. ना. सं. इनामदारांच्या ‘झेप’ आणि ‘मंत्रावेगळा’ या कादंबऱ्या पेशवाईच्या अखेरीपर्यंत येतात, परंतु त्यांचे नायक अनुक्रमे त्रिंबकजी डेंगळे आणि दुसरा बाजीराव आहेत. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) एका मध्यमवर्गीय घरात शिरते, हे तिचे वेगळेपण होय. शेतकऱ्याच्या घराचे काय, हा या घटकाचा प्रश्न आहे.

४.३ तुलनेसाठी : कोरियातील एक उदाहरण

१९१० ते १९४५ या काळात कोरियावर जपानची सत्ता होती. आरंभीच्या वर्षांतच सत्तेने जमिनींची सर्वव्यापी मोजणी केली. पुढे शाळांतून कोरियन भाषा मागे सारली गेली आणि १९४० पासून लोकांवर जपानी धाटणीची नावे घेण्याचा दबाव आला. या काळावरील प्रसिद्ध बृहत्कादंबरी म्हणजे पाक क्योंग-नी या लेखिकेची ‘तोजी’. ‘तोजी’ या शब्दाचा अर्थ ‘जमीन’. १९६९ ते १९९४ अशी पंचवीस वर्षे ती लिहिली गेली. १८९७ पासून १९४५ च्या मुक्तीपर्यंतचा काळ ती एका खेड्यातील जमीनदार घराणे आणि भोवतालचे कष्टकरी यांच्या आयुष्यातून मांडते. तिच्या केंद्रस्थानी राजा नाही. जमीन आणि तिच्यावर जगणारी माणसे आहेत. ही दृष्टी घेऊन आता आपण आपल्या परिसराकडे वळू.

४.४ शिरूर आणि भीमथडी : १८७४–७५

तळेगाव ढमढेरे हे वेळ नदीकाठचे बाजाराचे गाव शिरूर तालुक्यात आहे. याच तालुक्यातील कर्डे येथे १८७४ च्या अखेरीस काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध दीडशे रुपयांच्या कर्जापोटी घराच्या जप्तीचा हुकूमनामा मिळविला. गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. पुढे १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजारपेठेत सावकारांची दुकाने व घरे लुटली गेली, खतपत्रे आणि चोपड्या जाळल्या गेल्या. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले.

कारणे एकात एक गुंतलेली होती. रयतवारीत सारा रोख आणि ठरल्या मुदतीत भरावा लागे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपताच भाव कोसळले व पतही आटली. याच सुमारास फेरपाहणीत साराही वाढला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खताला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा, घडले उलटे. दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले जाऊ लागले. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा जुना संकेत मागे पडला.

शासनाने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश संसदेपुढे आला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

४.५ कादंबरीकारापुढील तीन कसोट्या

(अ) जळालेला कागद. या उठावात माणसांवर प्राणघातक हल्ले फारसे झाले नाहीत; राग होता तो कागदावर. शेतकऱ्याला जी लिपी वाचता येत नव्हती, तिच्यात त्याचे शेत गेले होते. ही गोष्ट उमगलेला लेखक दंगलीचे वर्णन लांबवणार नाही. मोडीतील खत वाचून दाखविले जात असताना ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर तो थांबेल.

(आ) साक्षीची भाषा. शेतकऱ्यांनी आपली कहाणी मराठीत सांगितली. अहवालात ती इंग्रजीत उतरली. बोलीतील अडखळणे, म्हणी, शिव्या, मौन हे सारे वाटेत गळाले. इतिहासकाराला त्या गाळाबाहेर जाता येत नाही. कादंबरीकाराला जाता येते, पण जबाबदारीने. १८७५ चा शेतकरी ‘माझे शोषण होत आहे’ असे म्हणणार नाही. ‘सावकारानं नाडलं’ असे म्हणेल. ‘वसाहतवाद’ हा अभ्यासकाचा शब्द आहे, पात्राचा नव्हे. तसेच, खतावर अंगठा उठविणारे पात्र दाखविण्यापूर्वी थांबावे. अंगठ्याची रीत पुढे रुळली. कुणब्याची जुनी खूण म्हणजे ‘निशाणी नांगर’. जो नांगर हातात, तोच कागदावर. अशा एका तपशिलातून काळ उभा राहतो आणि एका चुकीने ढासळतो.

(इ) खलनायकाचा मोह. केवळ सावकाराला दुष्ट ठरविले की कथा सोपी होते आणि सारा ठरविणारी सत्ता नामानिराळी राहते. आयोगाच्या निष्कर्षांचा भरही सावकारी व्यवहारावरच राहिला, हे लक्षात घ्या. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये सावकाराबरोबरच सरकारी कामगार आणि शेतसारा यांचाही जाब मागितला. कादंबरीकाराने सावकाराची भीतीही पाहिली पाहिजे. ज्या रात्री त्याच्या दारात जमाव आला, त्या रात्री त्याच्या घरातही मुले होती.

४.६ स्वयंअध्ययन प्रश्न

१. १८५९ च्या कायद्याचा परिणाम हेतूच्या उलट का झाला?
२. ‘निशाणी नांगर’ या तपशिलाचे कलात्मक मूल्य सांगा.
३. ‘तोजी’ आणि ‘उषःकाल’ यांच्या केंद्रबिंदूतील फरक दोन वाक्यांत लिहा.

४.७ सारांश

परसत्तेखालील जीवनाची कादंबरी तह आणि लढायांपेक्षा सारा, खत, कचेरी आणि घर यांतून घडते. इतिहास तिला चौकट देतो. त्या चौकटीतील माणसाचा आवाज भाषेच्या अचूक जाणिवेतून शोधावा लागतो.

४.८ क्षेत्रीय कार्य

आपल्यापैकी अनेकांच्या घरी पत्र्याच्या पेटीत जुनी गहाणखते, साऱ्याच्या पावत्या किंवा मोडीतील कागद असतील. त्यांपैकी एक कागद मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. मूळ कागद कोणालाही देऊ नका, छायाप्रत वापरा. कागदातील दहा शब्द आणि घरातील वडीलधाऱ्यांकडून त्यांचे अर्थ नोंदवा. मग तो कागद लिहिला गेला तो प्रसंग दोनशे शब्दांत कल्पून लिहा. जे कागदात आहे त्याखाली रेघ ओढा. रेघेविना उरेल ती आपली कल्पना. दोहोंतील सीमा आपल्याला स्वतःच दिसू लागली, तर या घटकाचे काम झाले, असे समजा.