घरच्या बिस्किटांत गूळ व तूप

कोल्हापूर भागांतील पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरीं ऊस, भुईमूग व दुभतें असतें. असें असतां मुलांच्या हातीं मात्र बाजारचीं साखरेचीं बिस्किटें पडतात, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. १८९५ सालीं छत्रपति शाहू महाराजांनीं शाहूपुरी पेठ वसविली व तेथें गुळाचा व्यापार वाढला; २०१४ सालीं कोल्हापुरी गुळास भौगोलिक चिन्हांकन मिळालें. एवढ्या लौकिकाचा जिन्नस घरीं बिस्किटांत कसा वापरावा, तें येथें थोडक्यांत सांगतों.

गुळाची निवड. पिवळ्याधमक गुळास दर चढा मिळतो, म्हणून कांहीं गुऱ्हाळांत काहिलींत हायड्रॉस पूड घालतात. तिनें रंग उजळतो; परंतु साठवणींत तो पुन्हां काळवंडतो आणि गुळांत गंधकाचा अंश राहतो. सबब रानभेंडीच्या चिकानें मळी काढलेला तांबूस गूळच घरासाठीं ठेवावा.

गुळाचा गुण. गूळ साखरेइतका कोरडा नसतो व तो हवेंतील ओल धरतो. त्यामुळें पीठ भिजवितांना दूध कमी लागतें, बिस्किटें लवकर तांबूस होतात व जाळ मंद ठेवावा लागतो. काकवींत पाणी अधिक असल्यानें ती खुसखुशीत बिस्किटांस योग्य नाहीं.

स्निग्ध पदार्थ. साजुक तुपानें स्वाद व खुसखुशीतपणा येतो. पण त्यांतील निम्म्याहून अधिक मेद संपृक्त असतो. शेंगदाण्याच्या तेलांत तो पांचव्या हिश्श्याच्या आसपास असतो. म्हणून दोन्हींचें मिश्रण बरें. वनस्पति तूप टाळावें. त्यांतील ट्रान्स मेद हृदयास घातक असल्यानें १ जानेवारी २०२२ पासून कायद्यानें त्याची मर्यादा शेंकडा २ केली आहे.

कृति. कणीक २०० ग्रॅम, चिरलेला गूळ १०० ग्रॅम, तूप ६० ग्रॅम, घाण्याचें तेल ३० ग्रॅम, पाव चमचा खाण्याचा सोडा व थोडी सुंठ घ्यावी. तूप व गूळ एकत्र फेंसून त्यांत तेल घालावें. कणकेंत सोडा व सुंठ मिसळून ती त्यांत घालावी व गोळा होण्यापुरतें दूध शिंपडावें. जाड पातेल्यांत दोन बोटें वाळू पसरून, तींत तिवई ठेवून, झांकण लावून दहा मिनिटें तापवावें. मग बिस्किटांची थाळी तिवईवर ठेवून मंद आंचेवर २० ते २५ मिनिटें भाजावीं. गरम असतां तीं मऊ लागतात. निवल्यावर कडक होतात.

एक इशारा देणें अवश्य आहे. गूळ औषध नव्हे. त्यांत थोडें लोह व इतर क्षार असले, तरी त्याचा बहुतांश शर्कराच आहे. मधुमेही माणसानें गुळाच्या नांवावर मोकळीक घेऊं नये.

शेवटीं शेतकरी बंधूंस एकच विनंति. घरासाठीं तांबूस गूळ व पेठेसाठीं हायड्रॉसचा पिवळा, असे दोन आधण कोणीं काढूं नयेत. जो गूळ आपण आपल्या मुलांच्या बिस्किटांत घालणार नाहीं, तो दुसऱ्याच्या मुलांसाठीं तरी कां पाठवावा?