हातोडी शोधताना सापडले गुप्तधन

यात्रेला देवळात शिरताना पोलीस अंगावरून एक दांडा फिरवतात. खिशात किल्ली असली की तो वाजतो. तोच धातुशोधक, म्हणजे मेटल डिटेक्टर. शेतात फिरवायचा धातुशोधक मोठा असतो. लांब काठीच्या टोकाला ताटलीएवढी चकती असते. तिच्यात तारेचे वेटोळे असते व त्यातून वीज खेळते. त्यामुळे भोवती चुंबकशक्ती तयार होते. जमिनीत धातू असला की तिच्यात फरक पडतो आणि यंत्र कुंई करते. सोने की गंजका खिळा, हे नक्की मात्र खणल्यावरच कळते!

इंग्लंडमध्ये सफोक भागात हॉक्सन नावाचे खेडे आहे. तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याचे मित्र एरिक लॉज यांच्याकडे हे यंत्र होते. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी ते हातोडी शोधायला गेले आणि यंत्र वाजले. खणतात तर काय, चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीच नाणी! दोन पिशव्या भरल्या. मग त्यांनी खणणे थांबवले आणि शेतमालकाला व पोलिसांना कळवले. मी तिथे असतो तर थांबलो असतो का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी पुराणवस्तूंचे जाणकार आले. त्यांनी हळूहळू माती काढली. लाकडी पेटी कुजून गेली होती, पण बिजागऱ्या व इवलीशी चांदीची कुलुपे शिल्लक होती. वस्तू रचल्या तशाच होत्या. भराभर उपसले असते तर तिथे पेटी होती हेसुद्धा कळले नसते.

नाणी सुमारे १५,००० निघाली. ५०० हून जास्त सोन्याची. सगळी रोमन राजांची. सर्वांत नवे नाणे इ. स. ४०७-४०८ चे, म्हणजे धन त्यानंतर पुरले. तेव्हा तिथले रोमन राज्य मोडत चालले होते. मालक परत आलाच नाही. एका सोन्याच्या बांगडीवर जुलियाना हे नाव आहे. कोण होती बिचारी! मिरपूड ठेवायची चांदीची चार भांडीपण होती. मिरी तेव्हा आपल्या भारतातून जहाजाने जायची.

१७ लाख ५० हजार पौंड बक्षीस मिळाले. लॉज यांनी ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. धन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हातोडीपण सापडली, तीही तिथेच ठेवली आहे.

आजी म्हणते, गुप्तधनावर नाग बसतो. हॉक्सनला काही नाग नव्हता. आमच्या आळीत जुनी भिंत पाडताना गाडगेभर नाणी निघाली होती. ती आटवली म्हणे. कोणत्या राजाची होती, आता कोण सांगणार?

गुरुजींनी सांगितले की आपल्याकडे १८७८ सालचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले धन सापडले तर कलेक्टरसाहेबांना लेखी कळवावे लागते. लपवले तर आपला वाटा जातो, वर शिक्षा. सरकारने ते ठेवून घेतले तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देते. हे मी घरी वाचून दाखवले, तेव्हा बाबा म्हणाले, "असं होय? आम्हाला वाटायचं, सरकार सगळंच नेतं."