अजिंक्यताऱ्याची चढण

सातारा शहरालगतचा अजिंक्यतारा शहरापासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. चढण थोडी, पण दमविणारी. १६९९-१७०० च्या वेढ्यात प्रयागजी प्रभूंनी हा गड काही महिने झुंजविला. माथ्यावरून यवतेश्वर, सज्जनगड व जरंडेश्वर यांचे मनोहर दर्शन घडते.

या उतारांवरील पाणी अखेर कृष्णेस मिळून सांगलीकडे वाहते. मळलेली वाट सोडून आडवाटा पाडल्या की गवत मरते, पावसाळ्यात त्याच वाटेचा ओहळ होतो आणि मातीही पाण्यासवे निघून जाते. म्हणून शिक्षकांनी सहलीपूर्वी विद्यार्थ्यांना हे समजावून द्यावे. ग्रामपंचायतींनीही आपल्या डोंगरवाटांवर पाणी अडविणाऱ्या दगडांच्या आडव्या ओळी रचाव्यात. गडाची माती गडावरच राहिली पाहिजे.